सील बदलण्याआधी कारण शोधा

गिअरबॉक्सखाली तेलाचे ओघळ दिसले की मिस्त्रीचा हात आधी सीलकडे जातो. गिऱ्हाईकालाही घाई असते. नवे सील बसते, गाडी जाते आणि थोड्याच दिवसांत तेल पुन्हा त्याच जागेवरून ठिबकू लागते. दोष मात्र सीलच्या माथी मारला जातो. आमचे सांगणे एवढेच आहे की, गळतीचे कारण हाती लागल्याशिवाय गिअरबॉक्स खाली उतरवू नये.

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न रोजचा आहे. इथल्या जीपगाड्या आणि ट्रॅक्टर पावसाळाभर पांदण रस्त्यांच्या काळ्या चिखलातून चालतात. पुढे विवेकानंद आश्रमाचा जयंती महोत्सव येतो आणि महापंगतीत पुरी-भाजी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून वाढली जाते. लोक जिथे मांडी घालून जेवतात, त्या जमिनीवर तेल गाळत जाणारे वाहन कुणाला चालेल? अशा कामाआधी गाडी गॅरेजला येते, तेव्हा मिस्त्रीने नीट तपासायलाच हवे.

पहिली तपासणी तेलाची. बेल हाउसिंगच्या खालून गळणारे तेल गिअरबॉक्सचेच असेल असे नाही. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काळे असते. ते आले तर क्रँकच्या मागच्या सीलवर संशय घ्यावा. हायड्रॉलिक क्लचचे ऑइल पातळ असते आणि लागेल तिथला रंग उडवते. बोटावर घेऊन वास घेतला तरी निम्मे निदान होते.

दुसरी तपासणी ब्रीदरची. काळी माती वाळली की ब्रीदरचे बारीक छिद्र गच्च बुजवते. गाडी तापली की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती तेलाला धडधाकट सीलमधूनही बाहेर ढकलते. उलटही घडते. तापलेली गाडी नाल्याच्या पाण्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते आणि पाणी आत ओढले जाते. ड्रेन प्लग उघडल्यावर तेल दुधाळ निघाले तर हेच झाले आहे. तिथे तेल बदलावे, ब्रीदर साफ करावा आणि त्याला रबरी नळी जोडून तिचे तोंड बॉनेटच्या उंचीपर्यंत न्यावे.

तिसरी तपासणी पातळीची. गाडी सपाट जागी उभी करावी. तेल लेव्हल प्लगच्या खालच्या कडेला टेकले की पुरे. विलिसच्या घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या पाठीला जोडलेला असतो आणि मधल्या बेअरिंगमधून तेल एकीकडून दुसरीकडे सरकते. गिअरबॉक्स रिकामा होत जातो, ट्रान्स्फर भरून वाहू लागतो. म्हणून दोन्हीकडची पातळी एकाच वेळी पाहावी. नुसते बाहेरचे सील बदलून हे थांबत नाही.

एवढे करूनही गळती राहिली, तर सगळे हाउसिंग डिझेलने धुऊन कोरडे करावे, त्यावर खडूची पूड मारावी आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी. सर्वांत वर जिथे पूड ओली झाली, तिथे गळतीचे मूळ. खालचे सगळे ओघळ असतात.

मूळ सीलमध्येच निघाले, तर जुने सील काढल्यावर त्याचा ओठ घासतो तिथे योकवर नख फिरवून पाहावे. नख खाचेत अडकले, तर योक बदलावा किंवा त्यावर स्लीव्ह चढवावी. ते जमत नसेल तर हाउसिंगमध्ये जागा असेल तिथे नवे सील दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या पृष्ठभागावर आणावा. योक वर-खाली हलवून खेळ जाणवला, तर आधी बेअरिंग. खिळखिळ्या शाफ्टवर कोणतेही सील टिकत नाही. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला थोडे ग्रीस, आणि ठोकताना योग्य मापाचा पाइप, म्हणजे सील तिरके बसणार नाही. पॅकिंगला सिलिकॉन थापू नये. आत सुटलेला तुकडा तेलाची वाट अडवतो. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच तेल घालावे. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-4 च्या जागी सरसकट जीएल-5 घातले, तर त्या रिंगांना धोका असतो.

गॅरेजवाल्यांना आमची एक विनंती आहे. बिलावर तपासणीची मजुरी वेगळी लिहा आणि ती संकोच न करता घ्या. शोधण्यात गेलेला तासही कामच आहे. गिऱ्हाईकाला जुने सील आणि झिजलेला योक हातात देऊन दाखवा. एकदा कारण दिसले की तो पैशांवरून वाद घालत नाही. आणि काढलेले तेल बांधावर किंवा नालीत ओतू नका. डब्यात साठवून अधिकृत घेणाऱ्याला द्या. याच शिवारातल्या विहिरींचे पाणी आपण पितो.