मृत्यूच्या हातातला ढोल

युद्धचित्रात वीर शोधणाऱ्याला ‘स्वेच्छासैनिक’ हे चित्र अस्वस्थ करते. जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांनी ‘युद्ध’ ही सात वुडकटांची मालिका १९२१-२२ मध्ये लाकडात कोरली. तिच्यातले हे दुसरे चित्र. लढायला निघालेली माणसे मालिकेत फक्त इथेच दिसतात.

पण कशी? अंगावर गणवेश नाही, हाती बंदूक नाही, समोर शत्रूही नाही. मृत्यू ढोल बडवत पुढे निघाला आहे आणि भान हरपलेली कोवळी पोरे त्याच्यामागे ओढली जात आहेत. मृत्यूला अगदी लगटून असलेला मुलगा म्हणजे कोलविट्झ यांचा धाकटा पुत्र, पेटर.

१९१४ मध्ये भरती व्हायला निघाला तेव्हा पेटर अठरा वर्षांचा, म्हणजे कायद्याने अज्ञान होता. वडिलांची संमती आवश्यक होती आणि वडील राजी नव्हते. त्यांचे मन वळवले ते केटे यांनी. ऑक्टोबरमध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. पुढच्याच महिन्यात जर्मन लष्कराच्या पत्रकाने लांगेमार्कजवळ गात गात चाल करून गेलेल्या तरुण पलटणींची गाथा देशभर पोहोचवली. पुढे कित्येक वर्षे ती वीरगाथा म्हणूनच मिरवली गेली.

या चित्रावर ‘युद्धविरोधी’ अशी चिठ्ठी चिकटवून मोकळे होणे फार सोपे आहे. कोलविट्झ या मुलांची थट्टा करत नाहीत. त्यांचा उन्माद खरा आहे, त्यागही खरा आहे. खोटा आहे तो ताल. आणि दोष केवळ ढोल वाजवणाऱ्याचा नाही. मालिकेच्या पहिल्याच चित्रात, ‘बलिदाना’त, एक आई आपले तान्हे मूल दोन्ही हातांनी पुढे करते. परंपरेने जिला वीरमाता म्हटले असते, तिलाच इथे जाब विचारला आहे. आणि विचारणारीही एक आईच आहे.

हा जाब त्यांनी चित्राबाहेरही मागितला. ऑक्टोबर १९१८ मध्ये कवी रिखार्ड डेमेल यांनी आणखी स्वेच्छासैनिकांची हाक दिली. स्वतः पन्नाशी उलटल्यावर भरती झालेल्या या कवीला ‘पुरे झाले आता मरण’ अशा आशयाचे उत्तर कोलविट्झ यांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे दिले.

पेटरच्या स्मारकाच्या पहिल्या आराखड्यात त्याचा आडवा देह होता. १९३२ मध्ये बेल्जियममधल्या दफनभूमीत शिल्प उभे राहिले, तेव्हा त्यातून पुत्र वगळला गेला होता. उरले होते गुडघे टेकलेले आईवडील.