आवाज फाटतो तेव्हा

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, अशी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. गणपतीची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो की आपले स्नेहसंमेलन, आवाजाची मूठ जितकी उजवीकडे फिरेल तितका उत्साह दांडगा! मीही याच पंथातला. प्रस्तुत लेख हा माझा कबुलीजबाब समजावा.

गेल्या मे महिन्यात मामांनी आपल्या भाड्याच्या गाडीत नवे स्पीकर बसवले. त्या गाडीवर त्यांचे घर चालते. गिऱ्हाईक खूष राहावे म्हणून केलेला हा खर्च. स्टिरिओ मात्र जुनाच ठेवला. त्यावर ‘५० वॅट’ असे ठळक छापलेले होते. मावसभावाच्या वरातीत गाडी माझ्या ताब्यात आली. मी बास पूर्ण चढवला, मूठ शेवटाला नेली. आवाज फाटू लागला; मला वाटले, आता खरा रंग भरला! अर्ध्या तासात जळका वास आला आणि दोन्ही दारांतले ट्विटर मुके झाले. मामांनी विचारले, तेव्हा मी बेधडक सांगितले, “मामा, मालच डुप्लिकेट आहे.”

मामा दुकानदाराशी भांडायला गेले. मीही सोबत होतो. त्या गृहस्थाने सारे ऐकून घेतले आणि जळालेला ट्विटर उघडून आतली काळी पडलेली कॉइल दाखवली. मग शांतपणे हिशेब मांडला. गाडी चालू असताना बॅटरीच्या तारांवर १४.४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. एवढ्या दाबावर साधा स्टिरिओ चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात फार तर वीसएक वॅट देऊ शकतो. त्यापुढे मूठ फिरवली की ध्वनीच्या लाटेला वर जायला जागा उरत नाही. तिचे माथे सपाट कापले जातात. लाट पुरती चौकोनी झाली, तर त्याच उंचीत दुप्पट शक्ती वाहते. पेटीवरच्या ५० वॅटांचे गौडबंगाल हे असे आहे! शिवाय कापलेल्या लाटेतून मूळ गाण्यात नसलेले उंच स्वर निर्माण होतात. ते सारे नाजूक ट्विटरच्या वाट्याला जातात. केसासारखी बारीक तार तापते आणि जळते.

काही मित्र म्हणतील, तरुणांनी काय कुजबुजत नाचावे? मुळीच नाही. मोठा आवाज हवा असेल, तर वेगळा अॅम्प्लिफायर घ्यावा, त्याला थेट बॅटरीपासून जाड तार ओढावी आणि बॅटरीजवळच फ्यूज लावावा. ‘गेन’ची कळ म्हणजे आवाज वाढवण्याची मूठ नव्हे. बास बूस्ट बंद ठेवून स्टिरिओ पाऊणभर चढवावा, आवाज फाटेपर्यंत गेन वाढवावा आणि मग थोडा मागे घ्यावा. दारातल्या लहान स्पीकरवर ८० हर्ट्झखालचा धडधडाट लादू नये. या साऱ्याला पैशापेक्षा कान अधिक लागतात.

माझा आक्षेप आवाजाला नाही, फाटक्या आवाजाला आहे. आपल्या संमेलनात ध्वनिक्षेपकवाल्याला आपणच दरडावतो, “अजून वाढव!” आणि काही जळले की त्याचेच भाडे कापतो. मी दुकानदारावर ढकलले ते आणि हे, यांत फरक काय? यंदा निदान मूठ त्याच्या हाती राहू द्यावी, अशी संमेलन समितीला विनंती आहे.

त्या दिवशी दुकानात मी गप्प राहिलो. दिवाळीत शिकवणीचे साठलेले पैसे मामांच्या हाती ठेवले आणि खरे ते सांगितले. मामा एवढेच म्हणाले, “पैसे राहू देत. आधी दुकानात जाऊन त्यांची माफी माग.”

जाऊन आलो. ते मात्र स्पीकर जोडण्यापेक्षा पुष्कळच अवघड काम होते.