उजेडासाठी लांबलेली रोपे

करी रोडच्या आमच्या चाळीत गेल्या डिसेंबरात एक छोटेसे प्रकरण घडले. वाचकांपैकी अनेकांच्या घरी तसे घडू शकते, म्हणून या वेळी तेच सांगतो.

शेजारच्या खोलीतली आठवीत शिकणारी मुलगी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मातीविना भाजी वाढवीत होती. याला हायड्रोपोनिक शेती म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉ. गेरिक यांनी १९३० च्या सुमारास नुसत्या पाण्यात खतद्रव्ये मिसळून टोमॅटोची उंच झाडे वाढवून दाखवली होती. आमच्या मुलीचा पसारा मात्र साधा. प्लास्टिकचा डबा, त्यात पाणी, झाकणाला भोके, भोकांत जाळीचे पेले आणि पेल्यांत नारळाचा भुसा. त्यात टोमॅटो, मिरची आणि मेथी पेरली होती. गल्ल्यात साठवलेले साडेचारशे रुपये तिने त्यावर खर्च केले होते.

बी छान उगवले. पण आठवडाभरात रोपे दोऱ्यासारखी बारीक झाली, लांबच लांब वाढली, पिवळी पडली आणि खिडकीकडे मान टाकून आडवी झाली. कोणी मावशी सहज बोलून गेल्या, "पोरीचा हात गुणाचा नाही गं." झाले! पोरीने डबा उचलून मोरीत ठेवला. आम्हाला म्हणाली, "काका, माझ्या हाताला काही येत नाही. मी प्रदर्शनातून नाव काढून घेते."

रोप मेले तर दुसरे लावता येते. तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात असे काही बसले तर ते उपटणे कठीण. पण आम्ही पडलो कारकून माणूस, बी.कॉम. झालेले. वनस्पतिशास्त्राशी आमचा संबंध भाजी निवडण्यापुरता. म्हणून खालच्या मजल्यावरच्या मामांना बोलावले. ते गिरणीत साचेखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. मामांनी डबा पाहिला, मग खिडकी पाहिली आणि म्हणाले, "अरे, गिरणीचे छप्पर करवतीसारखे का असायचे? उत्तरेच्या बाजूला काचा, म्हणजे साच्यावर सारखा उजेड पडावा, तुटलेला धागा दिसावा. हिच्या रोपांना उजेडच कुठे आहे?"

खरेच होते. खिडकीसमोर पूर्वी गिरणीची बुटकी शेड होती. आता तिथे टॉवर आहे. भर दुपारी आम्ही डब्याच्या जागी हात धरून पाहिला, तर सावलीच पडेना. सावली ठळक पडली तर उजेड पुरेसा, फिकट पडली तर कमी, ही सोपी कसोटी घरोघरी करता येईल. आपल्या डोळ्यांना अंधाराची सवय होते, म्हणून खोली उजेडाची वाटते. रोप तसे फसत नाही.

मग शाळेच्या बाईंना विचारून आम्ही नीट समजून घेतले. बी मातीखाली असते तेव्हा अंधारात भराभर लांब होऊन वर येणे हीच त्याची युक्ती. पान आणि खोड मजबूत करण्याचे काम ते उजेड मिळेपर्यंत पुढे ढकलते. उजेड आलाच नाही तर ते लांबतच राहते आणि बियातली शिदोरी संपते. नवरात्रात काही शेजाऱ्यांकडे घरात घट बसतात, त्यातले धान्य पिवळे आणि लांब उगवते ते याच कारणाने. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली गवताच्या कोंबाच्या शेंड्यावर टोपी घालून पाहिले, तेव्हा तो कोंब उजेडाकडे वळेना. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला. त्यात हाताच्या गुणाचा प्रश्न येतो कुठे?

आता उपाय सांगतो.

बी उगवेपर्यंत अंधार चालतो. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी उजेडात आणावे. ऊन येत नसेल तर २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर चार-पाच बोटांवर दोरीने टांगावी आणि रोपे वाढतील तशी वर घ्यावी. छताची ट्यूब कामाची नाही. सकाळी सहा ते रात्री आठ अशी १४ तास ठेवावी, रात्री अंधार हवा. हिशेब आमच्या हातचा आहे: दिवसाला पाव युनिटहून थोडे जास्त, महिन्याला साडेआठच्या आत. वायर उघडी नको आणि ओल्या हाताने बटण नको.

दाट पेरू नये. रोपांच्या शेंड्यांवरून दिवसातून दोनदा अलगद हात फिरवावा किंवा पंख्याचा मंद वारा द्यावा, त्याने खोड जाड होते. पहिली खरी पाने येईपर्यंत साधे पाणी, मग खत पाव मात्रेने. जास्त खताने रोप सुधारत नाही. डब्याचे झाकण घट्ट हवे आणि पाणी आठवड्याला बदलावे, नाहीतर डेंग्यूचे डास होतील.

लांबलेली रोपे पुन्हा बुटकी होत नाहीत. टोमॅटोचे खोड मात्र पहिल्या पानांपर्यंत भुशात पुरले तर त्याला नवी मुळे फुटतात. मिरची थोडीच खोल लावावी. मेथी खोल पुरू नये, कुजते. लांबलेली मेथी कापून आमटीत घालावी आणि बी नव्याने पेरावे.

मुलीने डबा मोरीतून बाहेर काढला. टोमॅटो पुरले, मेथी पुन्हा पेरली, पण या वेळी दोन डब्यांत. एक ट्यूबखाली, एक जुन्या कोपऱ्यात. जानेवारीत प्रदर्शनात दोन्ही शेजारी शेजारी मांडले. एकात हिरवी, ताठ मेथी, दुसऱ्यात पिवळी दोरे. वर पुठ्ठ्यावर तिनेच लिहिले होते: 'बी एकच, हात एकच. उजेड वेगळा.'

बक्षीस मिळाले नाही. ट्यूब मात्र तिथेच आहे आणि पोरगी तिच्याखालीच अभ्यासाला बसते. इतकी वर्षे त्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती डोळे ताणून वाचत होती, हे आम्हा मोठ्यांपैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते. आणि त्या मावशी? परवा मेथीचे बी मागायला तिच्याकडेच आल्या होत्या.