चिलखत घालून मांडी घालता येते का?

दोस्तांनो,

गॅदरिंगचे दिवस जवळ आले की तुमची एक ठरलेली मागणी येते. "काका, सिनेमातल्या अंतराळ-सैनिकासारखं चिलखत करायला शिकवा ना!" गेल्या वर्षी मी ही मागणी चक्क टाळली. का टाळली, ते आधी सांगतो. मग चिलखत करू.

आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. दोन वर्षांपूर्वी तो सहावीत होता आणि गॅदरिंगला त्याला व्हायचं होतं 'मंगळावरचा पहारेकरी'. माझ्या एका मित्राकडे थ्रीडी प्रिंटर आहे. मी रुबाबात म्हटलं, "हेल्मेट माझ्याकडे लागलं!" संगणकावरचा एक तयार आराखडा घेतला आणि जसाच्या तसा छापून आणला. दिसायला काय झोकदार! सगळी सोसायटी बघायला आली. पण तो आराखडा मोठ्या माणसाच्या डोक्याचा होता. मी पोराच्या डोक्याला टेप लावलीच नव्हती. हेल्मेट डुगडुगू लागलं, तेव्हा आत एक टॉवेल कोंबला आणि म्हटलं, "चल, झालं काम!"

कार्यक्रमाच्या वेळी हेल्मेट खाली घसरलं. डोळ्यांसाठीची फट आली नाकासमोर. आत श्वासाची वाफ धरली. पोरगा स्टेजवर चढला खरा, पण उतरताना पायरी दिसली नाही. धाडकन पडला आणि हनुवटीला तीन टाके पडले. त्याच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही, तेच जास्त लागलं. आणि तो काय म्हणाला माहीत आहे? "काका, मला काही दिसत नाहीये असं मी आतून ओरडत होतो. पण कुणाला ऐकूच आलं नाही."

तो आवाज आतल्या आतच राहिला, बरं का. चूक पूर्णपणे माझी होती. मी हेल्मेट बाहेरून कसं दिसतं ते पाहिलं होतं, आत कोण आहे ते पाहिलं नव्हतं.

मोठमोठे लोकही इथेच फसतात

'स्टार वॉर्स' हा सिनेमा १९७७ साली आला. त्यातले पांढऱ्या चिलखतातले सैनिक तुम्ही पाहिले असतील. ते चिलखत प्लॅस्टिकचं होतं आणि हेल्मेटमधून फारच थोडं दिसायचं. सिनेमात एका ठिकाणी हे सैनिक दारातून आत येतात आणि त्यातल्या एकाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटतं! तो प्रसंग तसाच सिनेमात राहून गेला. पुढे २००४ साली डीव्हीडी काढताना तिथे 'टक्' असा आवाजही मुद्दाम घातला गेला.

त्याच सिनेमात एक सोनेरी यंत्रमानव आहे. त्याच्या आत अँथनी डॅनियल्स नावाचा नट होता. १९७६ साली ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी त्या पोशाखाचा पायाकडचा भाग तडकून त्याच्या पावलाला टोचला. तो पोशाख घालून त्याला बसताही येत नसे. दमला की फळीला टेकून उभं राहायचं, एवढीच काय ती विश्रांती!

मग पूर्वीचे खरे योद्धे चिलखत घालून घोड्यावर कसे बसत? आपल्याकडे आणि इराणात चिलखताचा एक प्रकार होता, त्याचं नाव 'चार आईना'. म्हणजे चार आरसे. छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन्ही बगलांखाली एकेक, असे चार पोलादी पत्रे. ते पट्ट्यांनी जोडलेले असत आणि खाली लोखंडी कड्यांची जाळी. छाती फारशी वाकत नाही, तिथे कडक पत्रा. खांदा आणि कोपर सतत वाकतात, तिथे लवचीक जाळी. किती सोपी गोष्ट, नाही का? आपलं चिलखतही याच नियमाने करायचं. जिथे शरीर वाकत नाही तिथे कडक, जिथे वाकतं तिथे मऊ किंवा मोकळं.

आधी माप, मग कात्री

आपला मुख्य माल म्हणजे फोम. याला ईव्हीए फोम म्हणतात. लहान मुलांसाठी जमिनीवर एकमेकांत अडकवायच्या रंगीत चटया मिळतात ना, त्या बहुधा याच्याच असतात. छाती-पाठीसाठी साधारण १० मिलिमीटर जाडीचा, हातापायांसाठी ५ किंवा ६ मिलिमीटरचा आणि वरच्या नक्षीसाठी २ मिलिमीटरचा घ्या.

आता कापड बेतायच्या आधी शिंपीकाका काय करतात? माप घेतात. आपण तर त्यांच्याही पुढे जाऊ. एक जुना, फाटायला हरकत नाही असा बनियन अंगात घाला. ताईला किंवा बाबांना त्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळायला सांगा. फार आवळू नका, पोटभर श्वास घेऊन बघा. मग त्या पट्टीवर पेनाने चिलखताच्या रेषा काढा. छातीचा भाग कुठे संपतो, पोटाचा कुठे सुरू होतो, बगल कुठे मोकळी सोडायची, हे सगळं काढा. नंतर मोठ्यांनी पाठीकडून ते अलगद कापून काढायचं. बोथट टोकाची कात्री वापरायची, म्हणजे अंगाला लागत नाही.

हे कवच जमिनीवर सपाट करायला गेलात तर ते होणारच नाही. संत्र्याची साल सपाट करून बघा, फाटतेच. म्हणून जिथे ते फुगतं तिथे त्रिकोणी चिरा द्या. हे त्रिकोण फोममध्ये कापून त्यांच्या कडा जोडल्या की सपाट फोमला आपोआप छातीसारखा गोलावा येतो. आणखी एक युक्ती सांगतो. फक्त उजव्या बाजूचा कागद कापा आणि डाव्या बाजूसाठी तोच उलटा ठेवा. मेहनत निम्मी, आणि दोन्ही बाजू सारख्या!

फोम कापायला धारदार कटर लागतो. हे काम आई-बाबांचं, तुमचं नाही. बोथट पात्याने फोम फाटतो आणि जोर लावताना हात सटकतो, म्हणून पातं वरचेवर बदलायचं. कापलेल्या तुकड्यावरून हीट गनची गरम हवा फिरवली की फोमची छिद्रं मिटतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि गरम असतानाच तो वाकवता येतो. गार झाला की तो आकार टिकतो. हेही काम मोठ्यांचं, उघड्या खिडकीपाशी. तुम्ही हातमोजे घालून वाकवायला मदत करा.

जोडायला चपलांना लावतात ते सोल्यूशन वापरतात. दोन्ही कडांना पातळ लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. एकदा चिकटलं की चिकटलं, तेव्हा दुसरी संधी नाही! त्याचा वास डोक्यात जातो, म्हणून गच्चीवर किंवा अंगणातच.

प्रिंटर कशासाठी?

आता तुम्ही विचाराल, सगळं थ्रीडी प्रिंटरवर का काढायचं नाही? काही शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये असा प्रिंटर असतो. तुमच्या शाळेत असेल तर सरांना किंवा बाईंना जरूर विचारा. हा प्रिंटर प्लॅस्टिकची तार सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळवतो आणि एकावर एक थर देत वस्तू उभी करतो. एक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा. मग १२ सेंटिमीटर उंचीच्या वस्तूला किती थर? करा गणित! १२० भागिले ०.२, म्हणजे ६००. म्हणूनच एका हेल्मेटला दिवस-दिवस लागतो. मधेच वीज गेली तर पुष्कळदा पहिल्यापासून सुरुवात.

त्यात छापलेला भाग कडक असतो. कोपरापाशी तो टोचणार, आणि पडलात तर तडकणार. म्हणून छपाई फक्त छोट्या, कडक गोष्टींची करायची. छातीवरची बटणं, कमरेचं बक्कल, मनगटावरचं 'यंत्र', हेल्मेटच्या कानावरच्या चकत्या. बाकी सगळा फोम. आणि हो, यात बहुधा पीएलए नावाचं प्लॅस्टिक वापरतात. ते साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तुमचं बक्कल ठेवलंत, तर त्याची जिलेबी झालेली सापडेल!

प्रिंटरचा खरा उपयोग पाहायचा असेल तर २०१८ सालचा 'ब्लॅक पँथर' आठवा. त्यातल्या राणीचा मुकुट आणि खांद्यावरचं आवरण थ्रीडी प्रिंटरवर केलेलं होतं. वेशभूषाकार रूथ कार्टर यांना या सिनेमासाठी २०१९ साली ऑस्कर मिळालं. पण राणीचे बाकीचे कपडे काही त्यांनी छापले नाहीत. कुठे काय वापरायचं, हे कळणं हीच कला.

तयार आराखडा छापायचा असेल तर त्रैराशिक विसरू नका. समजा, हेल्मेटचा आतला घेर ६६ सेंटिमीटर आहे. तुमचं डोकं ५४ चं, आतल्या स्पंजासाठी ६ धरा, म्हणजे हवेत ६०. मग ६० भागिले ६६, सुमारे ०.९१. आराखडा ९१ टक्क्यांवर आणा. दोन वर्षांपूर्वी मी एवढं एक गणित केलं असतं, तर ते तीन टाके पडले नसते.

रंग आणि शेवटची हातफिरत

फोम रंग पितो. म्हणून आधी फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून तीन हात द्या. प्रत्येक हात वाळू द्या. मग अॅक्रिलिक रंग. चिलखत नवंकोरं दिसायला नको, मंगळावर धूळ फार! काळा रंग लावून लगेच ओल्या फडक्याने पुसा. खाचांमध्ये तो राहतो आणि कडांना चंदेरी रंग टिपला की धातूच वाटतो. सगळे भाग रुंद इलॅस्टिक आणि वेल्क्रोने जोडा. घासकाम करायचं असेल तर तोंडाला मास्क लावा.

पाच परीक्षा

आता ते शेजारचं पोरगं आठवीत आहे. या वर्षी त्याने स्वतःच नवं चिलखत करायला घेतलं. मी घाबरत घाबरतच गेलो. म्हणालो, "अरे, पुन्हा हेल्मेट?" तो म्हणाला, "काका, आता नियम माझे." त्याने भिंतीवर एक कागद लावला होता. तोच तुम्हाला देतो.

१. खाली वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधता आली पाहिजे.
२. स्वतःचा पाय ठेवतो ती पायरी दिसली पाहिजे.
३. हेल्मेट घालून बोललेलं पाच पावलांवरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.
४. मांडी घालून बसता आलं पाहिजे.
५. दहा आकडे मोजायच्या आत सगळं हेल्मेट एकट्याने काढता आलं पाहिजे.

पहिल्या दिवशी तो पाचपैकी दोनच परीक्षांत पास झाला. मग त्याने तोंडापाशी भोकं वाढवली आणि डोळ्यांची फट दुप्पट केली. मांडीवरचा फोमचा तुकडा गुडघ्यात रुतत होता, तो चार बोटं आखूड केला. "काका, आता तेवढं खऱ्यासारखं दिसत नाही," तो जरा हिरमुसून म्हणाला. खरंच, थोडं कमी दिसत होतं.

गेल्या रविवारी आमच्या जिन्यात त्याने पाचवी परीक्षा दिली. तीन मजले चढला, तीन उतरला. त्याची आई खालच्या पायरीवर उभी होती, कठडा घट्ट धरून. तो शेवटची पायरी उतरून तिच्यासमोर आला आणि आतून म्हणाला, "आई, ऐकू येतंय?"

"येतंय रे बाबा," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिने कठडा सोडला.

मग मंगळावरचा पहारेकरी आमच्या ओट्यावर मांडी घालून बसला आणि हेल्मेट बाजूला ठेवून त्याने दोन वडापाव खाल्ले.

तर दोस्तांनो, तुमचं चिलखत झालं की पाचही परीक्षा घ्या. किती पास झालात ते मला पत्राने कळवा. नापास झालात तर आधी कळवा!

तुमचा,
काका