डॉलरचं खातं आणि बाबांचा प्रश्न

दिवाळीला वर्ध्याला गेलो होतो. जेवताना सहज बोलून गेलो, ‘बाबा, अमेरिकन शेअर्स घेतोय. तिकडच्या बँकेत खातंही उघडीन म्हणतो.’ पोस्टाच्या पासबुकावर आयुष्य काढलेल्या बाबांचा हात घासावरच थांबला. ‘तुले काही झालं, त थो पैसा आनाले तुही माय अमेरिकेले जाईन काय?’

हसलो खरा, पण घास गिळेना. महिनाभर मी फक्त चार्जेस तपासत होतो!

मग जरा अभ्यास केला. एक, शेअर्ससाठी परदेशी बँक खातं लागतंच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २००४ पासूनच्या एलआरएस योजनेत आपली इथलीच बँक डॉलर थेट ब्रोकरकडे पाठवते. मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर. (आपली उडी अडीचशेची!) दोन, परदेशातलं खातं नि शेअर्स रिटर्नमध्ये ‘शेड्यूल एफए’त दाखवायचेच, नफा असो-नसो. लपवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. तीन, अमेरिकन शेअर्स ६० हजार डॉलरच्या वर गेले, तर आपल्या माघारी तिथला इस्टेट टॅक्स लागू शकतो.

शेवटी बँकेचा नाद सोडला. ब्रोकर्सना एकच विचारलं, ‘माझ्यामागे आईने कुठले कागद, कुणाकडे द्यायचे?’ ज्याने सरळ उत्तर दिलं, तिथे खातं.

ते उत्तर आणि खाते क्रमांक आता एका वहीत आहेत. वही आईच्या कपाटात, पोस्टाच्या पासबुकाशेजारी. तुमची कुठेय?