गौरीपुढची फळे आणि दाराआडचे हात

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर विराजमान होते आणि वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, तिची बोळवण होते. या महिन्याभरात मंगळवार, शुक्रवार वा घरच्या सोयीचा दिवस पाहून चैत्रातले हळदीकुंकू केले जाते. दारी चैत्रांगण, आत आरास, कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. कलिंगडाचे कमळ कोरून गौरीपुढे मांडण्याचे कसबही जुनेच आहे. अलीकडे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांतून या ताटात एक नवा पदार्थ येऊन बसला आहे : बांबूच्या बारीक काडीला ओवलेले ताज्या फळांचे तुकडे. मुली त्याला फ्रूट स्टिक म्हणतात. आपण फळांची काडी म्हणू.

या काडीवरून आमच्या हातून एक प्रमाद घडला, तो प्रथम सांगितला पाहिजे.

आम्ही गोदाकाठचे. चैत्रात कीर्तनसेवेच्या निमित्ताने या बाजूस दरवर्षी येणे होते. गतवर्षी डोंबिवलीस पूर्वरंगात नैवेद्याचा विषय निघाला आणि आम्ही ओघात बोलून गेलो, की आता जगदंबेलाही सळईवरचे खाणे दाखवू लागलात. उद्या शेगडी पेटवून तिच्यासमोर भाजायलाच बसाल! श्रोतृवृंद खळखळून हसला. कीर्तनकाराला हशा म्हणजे संमती वाटते, हा आमच्या व्यवसायाचा जुना रोग. बुक्का लावताना एक मध्यमवयीन बाई म्हणाल्या, "बुवा, उद्या आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू आहे. काड्या आमच्याच घरी होतात. एकदा पाहून जा, मग पुन्हा बोला." शब्द नम्र होते, परंतु नमस्कार करताना त्यांनी वर पाहिले नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आमची थट्टा कोठून उगवली हे ध्यानात आले. सळईवर भाजलेल्या मांसाला संस्कृतात 'शूल्य' म्हणतात. पाणिनीने त्या शब्दाच्या सिद्धीसाठी सूत्र घातले आहे. काडी दिसताच आमच्या डोक्यात तो शब्द उभा राहिला आणि पुढचे फळ दिसेनासे झाले. वास्तविक टोचणे आणि ओवणे आपल्या देवघराला परके नाही. विड्याला लवंग टोचतो, पत्रावळ काड्यांनीच टाचतो, आणि गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या मस्तकावर माटोळी बांधतात तिला तर रानातली नाना फळे लटकलेली असतात. नवेपणाचाच आक्षेप असेल, तर रामफळ आणि सीताफळ ही दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडातली, तरी आपण त्यांना थेट अयोध्येच्या राजघराण्यात दाखल करून घेतले. शिवाय हे शहर नव्याला भिणारे नव्हे. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली याच डोंबिवलीत सुरू झाली. आज ती गावोगाव निघते आणि तिला कोणी ग्रंथाधार मागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या घरी गेलो. यजमानीण मुंबईस कचेरीत जाणाऱ्या, त्या दिवशी अर्धी रजा टाकून आलेल्या. सासूबाईंची बोटे संधिवाताने आखडलेली, त्यामुळे डाळ वाटणे आणि नारळ खवणे आता त्यांना होत नाही. साठ बायकांचे बोलावणे. गाडीच्या गर्दीतून येऊन एका बाईने हे सारे कसे उरकावे, याचे उत्तर म्हणून ती काडी त्या घरात आली होती. तीत मिरवणे थोडे आणि निकड पुष्कळ होती.

स्वयंपाकघरात खाली पाट टाकून यजमानांच्या विधवा आत्याबाई फळे ओवीत होत्या. वय सत्तरीचे, हात विलक्षण चलाख. त्यांच्या रीतीत आम्हाला शिकण्यासारखे पुष्कळ दिसले. कलिंगड आणि खरबूज कापण्यापूर्वी सालीसकट चोळून धुतलेले, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर गरात उतरते. तुकडे सगळे एका मापाचे, सुपारीहून थोडे मोठे. काडी आधी पाण्यात बुडवून, बोट फिरवून कूस नाही ना हे पाहिलेली. प्रथम अननसाचा घट्ट तुकडा, मग खरबूज, द्राक्ष, कलिंगड आणि टोकाला कैरीची मीठ लावलेली फोड. ती कैरी पाहून आमचे अर्धे भांडण तेथेच मिटले. डाळीतली कैरी तिने सोडली नव्हती. केळे त्यांनी घेतलेच नाही, ते काळे पडते आणि काडीवर ठरतही नाही. हापूसही नाही. "पिकला हापूस टोचायचा नसतो, चोखायचा असतो," असे त्या म्हणाल्या. आंबा घालायचाच तर तोतापुरी, तिचा गर घट्ट. मुलांसाठीच्या काड्यांचे टोक कात्रीने उडवलेले आणि अगदी लहानग्यांना काडी न देता वाटीत तुकडे, त्यांतली द्राक्षे उभी चिरून. मुरबाड-शहापूरकडच्या बायका करवंदे घेऊन येतात, तीही आणलेली होती. पण ती ओवायची नाहीत, चीक लागतो, पानाच्या द्रोणातच बरी दिसतात.

येथे आम्हालाही एक गोष्ट सुचवता आली. काड्या सकाळीच करून आराशीत मांडाव्यात, छायाचित्रे निघावीत आणि सायंकाळी त्याच वाटाव्यात, असे बऱ्याच घरी होते. हे मात्र आम्हाला अजूनही मान्य नाही. कापलेले फळ दोन तासांपेक्षा अधिक बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात संपवावे, हा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. चैत्र-वैशाखात कल्याणचा पारा पस्तिशी सहज ओलांडतो. त्यात कलिंगड-खरबुजाच्या गरात आंबटपणा नाममात्र, म्हणजे जंतूंना मोकळे रान. गौरीपुढे अखंड फळे ठेवावीत, नैवेद्य त्यांचाच दाखवावा, आणि बायका येऊ लागल्या की प्रसाद म्हणून ती कापावीत. ओवलेल्या काड्या शीतकपाटात झाकून ठेवून लागतील तशा बाहेर काढाव्यात. देवीला अक्षत फळ मिळते आणि पाहुणीला ताजे. आत्याबाईंनी ही सूचना लगेच उचलली आणि उरलेली दोन कलिंगडे न चिरता आराशीत पाठवली.

एवढ्यात सासूबाईंनी आम्हाला बाजूस घेऊन हळूच विचारले, "बुवा, वन्संनी ओवलेल्या काड्या गौरीच्या हळदीकुंकवात वाटल्या तर चालतील ना? बायका काही म्हणणार नाहीत ना?"

आम्ही तत्काळ उत्तर द्यावयास हवे होते. दिले नाही. क्षणभर घुटमळलो. अरण्यकांडातल्या शबरीचे आख्यान आम्ही शेकडो वेळा लावले आहे. वाल्मीकींच्या शबरीने पंपातीरीची रानफळे व कंद रामासाठी जमवून ठेवले होते, एवढेच मुळात आहे. उष्ट्या बोरांची कथा मागाहून आली, आणि लोकांना तीच अधिक प्रिय झाली. तिच्यावर आम्ही सभेला रडवतो. आणि सत्तरीच्या बाईने धुतलेल्या हातांनी ओवलेल्या फळापाशी आमची जीभ अडली! आपल्या घरोघरच्या कडक सोवळ्यानेसुद्धा शिजवलेल्या अन्नाला जी बंधने घातली, ती फळाला कधी घातली नाहीत. फळ कोणाच्याही हातचे चालते. गीतेच्या नवव्या अध्यायातील २६ व्या श्लोकात पान, फूल, फळ, पाणी अर्पण करणाऱ्याकडून भक्ती आणि शुद्ध चित्त यांपलीकडे काही मागितलेले नाही. सौभाग्याची अट तेथे आम्हाला कोठे आढळली नाही.

आम्ही म्हणालो, "चालतील. आणि हात चालत असतील तर बाईही चालली पाहिजे. वाटायला त्यांनाच बाहेर बसवा." सासूबाईंचा चेहरा उतरला. यजमानीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती काही बोलली नाही. आत्याबाई मात्र मान खाली घालून म्हणाल्या, "नको बुवा, उगीच कोणाचा रसभंग. मी आतच बरी." सायंकाळी बायका आल्या तेव्हा दार अर्धे ओढलेले होते. दारामागून ताटे भरून येत होती आणि बाहेर त्यांची वाहवा चालली होती. आम्ही एक काडी हातात घेतली. फळ उत्तम होते, पण घशाखाली उतरेना.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही ते अनुकरण सुचवले. लहानशा गावाने चारचौघांत हात वर करून ते केले. आमच्या शहरी सदनिकांत ठराव कोण मांडणार? तेथे दार अर्धे ओढणारा हात घरातलाच असतो, आणि पुष्कळदा तो प्रेमळही असतो. माताभगिनींनो, कुंकवाचे बोट लावण्याविषयी ज्या घराची जशी श्रद्धा असेल तशी असो. तो वाद आज आम्ही काढीत नाही. परंतु प्रसादाचे फळ ओवणारी, ते वाटणारी आणि ते खाणारी यांत भिंत घालण्यास कोणता आधार आहे, हे आम्हाला कोणी दाखवून द्यावे. मोलकरणीला जिन्यात काडी देऊन वाटेला लावणाऱ्या घरांनाही आमचा हाच प्रश्न आहे.

त्या वर्षीच्या पुढच्या कीर्तनात आम्ही आदल्या थट्टेबद्दल श्रोत्यांची क्षमा मागितली. त्या वेळी कोणी हसले नाही.

यंदा त्या घरचे बोलावणे पुन्हा आले आहे. यजमानीण लिहितात, की आत्याबाई या खेपेस गौरीशेजारी पाटावर बसून काड्या वाटायला कबूल झाल्या आहेत. सासूबाई अद्याप पूर्ण राजी नाहीत, पण पाट त्यांनीच काढून पुसून ठेवला आहे. पत्राच्या कडेला आत्याबाईंच्या हाताने एक ओळ आहे : येताना नाशिकची द्राक्षे आणावीत, मात्र घट्ट सालीची बघून, गेल्या वेळची काडीवर फुटत होती.