बाबांनी गाडी सुरू केली होती

आमच्या मोहगावात बर्फ पडत नाही, तरी मोटरसायकली हिवाळाभर बंद असतात. दिवाळीला पुण्या-बंगळुरूची, कुठली कुठली पोरं घरी येतात. भाऊबीज झाली की बॅगा भरल्या जातात आणि नवी गाडी सपरीत ताडपत्रीखाली जाते. ती बाहेर निघते थेट महाशिवरात्रीला, अर्धनारीश्वराच्या दर्शनाला पोरगा पुन्हा आला तर. २०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती आणि २०२६ ची महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला. मधले दिवस मोजा, ११५ होतात. टोरांटोकडच्या आपल्या वाचकांच्या गॅरेजमध्ये गाडी बर्फामुळे अडकते, आमच्याकडे मालकच गावात नसतो म्हणून. बॅटरीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

मग जानेवारीत कधीतरी फोन होतो. आमच्या घरात झाला, आणि तुमच्याही झाला असेल.

‘‘बॅटरी बसली रे गाडीची.’’

‘‘बाबा, मी सांगितलं होतं ना, आठवड्यातून एकदा सुरू करून ठेवा म्हणून?’’

‘‘करतो ना बाप्पा! दर रविवारी दहा मिनिटं चालू ठेवतो.’’

पोरगा यावर काही बोलत नाही, पण मनात म्हणतो, विसरले असतील. आणि न बोललेलं बाबांना फोनवरसुद्धा बरोबर ऐकू येतं. तरुण वाचकांनो, या भांडणात मी बाबांच्या बाजूचा आहे. त्यांनी गाडी सुरू केली होती. बॅटरी त्यानंतरही बसली, कारण तुमची सूचनाच चुकीची होती.

सेल्फ मारताना बॅटरीतून एकदम मोठा करंट जातो. तो भरून यायला गाडी रस्त्यावर नीट वेगात चालावी लागते. सपरीत उभ्या उभ्या, कमी आरपीएमवर इंजिन फडफडत असतं तेव्हा चार्जिंग जेमतेम होतं. त्यात एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही. इंजिन सुरू की दिवा सुरू. म्हणजे जे थोडंफार तयार होतं त्यातलं बरंचसं दिवा खातो. शिवाय दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइलमध्ये ओल राहते. बाबा जितके नेमाने रविवार पाळतील तितकी बॅटरी खाली जाऊ शकते.

गाडीला हात न लावता ठेवली तरी सुटका नाही. घड्याळ, अलार्म, इंजिनचा कंट्रोल युनिट, वरून बसवून घेतलेला ट्रॅकर, हे सगळे चावी काढल्यावरही थोडं थोडं पीत राहतात. समजा हे पिणं फक्त दोन मिलिअँपिअर आहे. ११५ दिवसांचे तास २७६०, म्हणजे साडेपाच अँपिअर-अवर गेले. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची अख्खी बॅटरीच तीन ते पाच अँपिअर-अवरची असते! ट्रॅकर असेल तर हिशोब याहून वाईट.

पूर्वी बॅटरी गेली तर किक होती. आता कितीतरी गाड्यांना ती नाही. धक्का मारून सुरू करावी म्हटलं, तर २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या. बॅटरी पार मेलेली असेल तर पेट्रोलचा पंपच चालत नाही, मग गल्लीतली चार पोरं जमवून उपयोग काय? आणि ही गाडी आपण घरी कशासाठी ठेवलेली असते? ‘‘असू द्या, वेळप्रसंगी कामी येईल.’’ वेळप्रसंग म्हणजे रात्री आईचं बीपी वाढलं आणि सौसरला जायचं आहे, हा. त्या रात्री सीटखाली काय आहे याची चौकशी दिवाळीतच व्हायला हवी.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा, मी गेल्यावर ही गाडी खरोखर कुणी चालवणार आहे का? बाबांना तिचं वजन झेपतं का? बहुतेक घरी उत्तर ‘नाही’ असं येतं आणि ते मोठ्याने कुणी बोलत नाही. तसं असेल तर निघण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, सोडून तिला टेप गुंडाळा. एवढंच. पिणारे सगळे बंद. बॅटरी आपली आपण उतरते तीही, पण फार हळू. बॅटरी बाहेरच काढायची असेल तर आधी काळी वायर, मग लाल. बसवताना आधी लाल. उलट केलं आणि लाल टर्मिनल खोलताना पाना चेसीला टेकला, तर ठिणगी उडते. वेळप्रसंगासाठी मग शेजारच्या चारचाकीवाल्याशी आधीच बोलून ठेवावं, या गाडीच्या भरवशावर राहू नये.

बाबा चालवणार असतील तर वायर सोडू नका. त्यांना दहा मिनिटांचा रविवार देऊ नका, जामसावळीचा शनिवार द्या. माझे एक काका दर शनिवारी मारुतीच्या दर्शनाला गाडीनेच जातात. जाणं-येणं, वाटेत संत्र्याच्या बगीच्यात डोकावणं, सगळं रस्त्यावर होतं. त्यांच्या बॅटरीची तक्रार मी ऐकलेली नाही.

तिसरा उपाय म्हणजे छोटा आपोआप थांबणारा चार्जर, ज्याला मेंटेनर म्हणतात. तो लावून ठेवता येतो. पण घरच्या इन्व्हर्टरला किंवा ट्रकच्या बॅटऱ्या लावतात त्या मोठ्या चार्जरला गाडीची बॅटरी जोडू नका. साधा नियम असा की जेवढी क्षमता, तिच्या दहाव्या भागाएवढा करंट. चार अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.४ अँपिअर. दुकानात चार्जिंगला देतानाही हा आकडा सांगायला लाजू नका. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघू शकतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब बसा. लिथियम बॅटरी असेल तर तिचाच चार्जर.

झाकणं उघडणारी जुनी बॅटरी असेल तर खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालावं. फिल्टरचं पाणी चालत नाही, आणि ॲसिड तर मुळीच घालू नये. सीलबंद बॅटरी उचकटू नये.

थंडीला मात्र आपण उगाच दोष देतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपूरला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण तेवढ्याने बॅटरी गोठत नाही. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे पन्नासच्याही खाली गोठतं. रिकामीचं मात्र उणे पाच ते दहाच्या दरम्यानच, कारण तिच्यात जवळजवळ पाणीच उरतं. हे टोरांटोवाल्यांनी लक्षात ठेवावं, तिथे पेटी फुटू शकते. आमच्याकडे खरा शत्रू मे महिना. तापमान दहा अंशांनी वाढलं की आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. हिवाळ्यात अशक्त झालेली बॅटरी मग उन्हाळ्यात पत्र्याखाली संपते. उतरलेल्या स्थितीत पडून राहिली तर आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि एकदा ते पिकले की कितीही चार्ज करा, जुनी ताकद येत नाही.

साधा मल्टिमीटर घरात असू द्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजायचं. १२.७ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ दिसले की चार्जिंगला लावा. १२ च्या खाली गेली तर उद्यावर टाकू नका. व्हिडिओ कॉलवर आकडा दाखवायला बाबांना उलट आवडतं. आमच्याकडे तर आता बीपीच्या आकड्यानंतर बॅटरीचा आकडा येतो.

आणि ज्या पान्याने वायर सोडली तो बॅगेत टाकून पुण्याला नेऊ नका, सीटखालीच ठेवा.